यंत्राच्या डोळ्यापुढं हात

गुलाबरावनं सातही बायांना वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच अडवलं. सकाळचे आठ झाले होते. पाऊस उघडून दोन दिवस झालेले, काळी माती पायाला लागत होती पण पाय धरत नव्हती. कपाशीला खताचा दुसरा डोस द्यायला याहून चांगली सकाळ सापडायची नाही. बायांनी खत घ्यायला जुन्या लुगड्यांच्या ओट्या बांधल्या होत्या, उजव्या हाताला प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या होत्या, आणि हा म्हणतो, परत जा.

"काऊन जी?" जनकाबाईनं विचारलं.

"यंदा तुमचं काम नाई. खत टाकाले यंत्र येऊन राह्यलं."

"ट्रॅक्टर का?"

"ट्रॅक्टर नाई वो बाई! रोबोट. त्याले डोये असतात. एकेक झाड पाह्यते. कोनतं उपाशी हाये, कोनाचं पोट भरलं, सारं त्याले समजते. ज्याले जेवढं पाह्यजे तेवढंच खत."

"मंग भाऊ, पह्यले त्याले घरी न्या," मागून पुष्पाबाई बोलली. "तुमच्या घरात कोन उपाशी झोपते थे बी पाहीन."

बाया खदखदून हसल्या. गुलाबरावचा चेहरा तांबडा झाला. "हसा, हसा. पुढच्या सालापासून साऱ्या गावात हेच येनार हाये. मंग बसा घरी दात काढत."

यावर मात्र कोणी हसलं नाही. जनकाबाईनं ओटी सोडली, झटकली, घडी करून काखेत मारली आणि बाया आल्या वाटेनं परत निघाल्या.

मी कय्यूम. सोनाळ्याच्या पुढं, सातपुड्याच्या अंगाला आमचं गाव आहे; तिथं फाट्यावर माझं वेल्डिंगचं दुकान. फवारणीचे पंप, डवऱ्याची बोथट पास, लोकांचं जे मोडेल ते माझ्याकडं येतं. गुलाबरावच्या वावराला लागूनच माझं दोन एकर आहे. त्यामुळं पुढचं बहुतेक मी धुऱ्यावर उभं राहून पाहिलं, आणि जे पाहिलं नाही ते लोकांनी दुकानात बसून मला न विचारता सांगितलं.

गुलाबराव माणूस वाईट नाही. त्याला फक्त शाल पाहिजे होती. थंडीची नव्हे, सत्काराची. प्रगतिशील शेतकरी म्हणून आपल्याला खामगावात स्टेजवर बोलवावं, नारळ द्यावा, फोटो निघावा, एवढीच त्याची इच्छा. त्यासाठी एका साली त्यानं ड्रॅगन फ्रूट लावलं, ते रानडुकरांनी आवडीनं खाल्लं. दुसऱ्या साली मधमाश्यांच्या पेट्या आणल्या. माश्या तिसऱ्या दिवशी डोंगरात राहायला गेल्या. अशात पुण्याची एक कंपनी रस्त्याकडेचं वावर शोधत आली, कारण पाहुण्यांच्या गाड्या थेट बांधापर्यंत यायला पाहिजेत. गुलाबरावचं वावर रस्त्यालाच. एवढ्या गुणावर त्याची निवड झाली.

आणि जनकाबाई म्हणजे बायांच्या त्या टोळीची पुढारीण. पन्नाशी उलटलेली. नवरा गेल्यावर दोन लेकी तिनं दुसऱ्याच्या वावरात राबून शिकवल्या, एक नर्स झाली, दुसरी अकोल्याला शाळेत मास्तरीण आहे. गावातल्या अर्ध्या कपाशीला तिच्या हातचं खत. वाकायची, झाडाच्या बुडाकडं एक नजर टाकायची आणि चिमूट सोडायची. कुठं कमी, कुठं जास्त, कुठं नुसतीच पुढं जायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "त्यानं नाई म्हनलं." कोणी? झाडानं. लोक याला बाईचा वेडेपणा म्हणायचे आणि खताच्या दिवसांत सगळ्यांत आधी तिलाच बोलवायला जायचे.

यंत्र टेम्पोतून उतरलं तेव्हा अर्धं गाव जमलं. कंबरेएवढं उंच, चार बारीक चाकं, पाठीवर खताचे दोन डबे, पोटाखाली नळ्या आणि कॅमेरे. सोबत कंपनीचे राजकुमार साहेब, पांढऱ्या बुटांत. आणि डिंपल नावाची इंजिनियर पोरगी, तेवीस-चोवीसची, हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र. गुलाबरावनं नारळ फोडला, हार घातला आणि भक्तीच्या भरात यंत्राच्या कॅमेऱ्यालाच हळदकुंकू लावलं. त्यामुळं पहिला अर्धा तास त्या यंत्राला आमची सगळी कपाशी लाल दिसत होती.

कॅमेरा पुसला आणि यंत्र चाललं. खरं सांगतो, चाललं तेव्हा मलाही नवल वाटलं. झाडापाशी थांबायचं, टुक करायचं, नळीतून बुडाशी खत सोडायचं आणि पुढं. वाकायला नको, कंबर धरायला नको. मी मनात म्हटलं, जनकाबाईचे दिवस भरले.

पण श्रावणातली हवा ओली. डब्यातल्या खताचे खडे झाले, नळी तुंबली. खत चाळून भरायला माणूस पाहिजे. चाकांचा चिखल उडून कॅमेऱ्यावर बसायचा; फडकं घेऊन पुसायला माणूस पाहिजे. ऊन पडलं की पानं चमकायची आणि यंत्राला दिसेनासं व्हायचं. वर छत्री धरायला माणूस पाहिजे. आणि दोन ओळींमधल्या खोलगट तासात चाक रुतलं की ओढायला माणूस पाहिजेच. दुपारपर्यंत साहेबांचे बूट आमच्या मातीच्या रंगाचे झाले आणि ते गुलाबरावला म्हणाले, "जरा चार बायका मिळतील का? तात्पुरत्या?"

तर गुलाबराव गेला जनकाबाईच्या दारी. सकाळी हाकललेल्यांपैकी चौघी दुपारी परत आल्या.

"हे तं जावयासारखं हाये वो," छत्री धरून चालताना पुष्पाबाई म्हणाली. "ऊन सहन होत नाई, चाळून जेवाले पाह्यजे, तोंड बी आपनच पुसाचं."

झालं. त्या दिवसापासून यंत्राचं गावातलं नाव जावई. चार बाया, एक इंजिनियर, एक साहेब, टेम्पोवाला, आणि वाकलेलं चाक ठोकायला मी. आम्ही आठ जणांनी मिळून मजुरांची बचत सुरू केली.

डिंपल पोरगी बरी होती. साहेबांसमोर पुण्यासारखं नीट बोलायची. जेवायला बायांजवळ बसायची तेव्हा मात्र तिच्या तोंडून आपोआप "मले दे ना वो मावशी ठेचा" निघायचं. मलकापूरकडची निघाली. एकदा जावई धुऱ्याजवळच्या ओळीला टुकटुक करत खत पाजत सुटला. जनकाबाई हसायला लागली.

"डिंपल, माय, हे काय चारून राह्यला तुहा जावई?"

"कपाशी आहे ना मावशी?"

"पान तोडून चावून पाह्य."

डिंपलनं पान चावलं आणि आंबट तोंड केलं. ती अंबाडी होती. बायांनी भाजीसाठी लावलेली. पान कपाशीसारखंच फाटलेलं, यंत्राच्या हिशेबी दोन्ही एकच.

"त्याले डोये हायेत, पन जीभ नाई," जनकाबाई म्हणाली. "नुसतं पाहून कसं समजीन?"

डिंपलनं ते टॅबलेटमध्ये लिहून घेतलं. राजकुमार साहेबांनी ते वाचलं नाही, असं आम्हाला नंतर कळलं.

मग चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी उघडलं तेव्हा गुलाबरावच्या वावराच्या खालच्या अंगाला, नाल्याजवळ, पाणी तुंबलेलं होतं. पाणी हळूहळू जिरलं, पण तिथली अर्धा एकर कपाशी पिवळी पडली. आणि साहेबांची घाई सुरू झाली, कारण शनिवारी पाहुणे येणार होते.

जावई खालच्या अंगाला शिरला आणि टॅबलेटवर लाल ठिपकेच ठिपके.

"बघा," साहेब गुलाबरावला दाखवायला लागले. "पिवळं पान म्हणजे नत्राची कमतरता. यंत्र सांगतंय, दुप्पट डोस."

"दुप्पट तं दुप्पट!" गुलाबराव म्हणाला. मशीननं आपल्याला चांगलं स्थळ सुचवावं तसा खूश.

जनकाबाईनं फडकं खाली ठेवलं. बसली, झाडाच्या बुडाशी दोन बोटं खुपसली. एक झाड उपटलं, मुळं नाकाशी धरली आणि साहेबांपुढं केली. काळवंडलेली, कुबट वासाची.

"सायेब, याले भूक नाई लागली. याचा दम घुटून राह्यला. मुयीत पानी हाये. आधी चर खंदा, पानी काढा, चार रोज वारा लागू द्या. आता खत टाकसान तं मरन हे."

"मावशी," साहेब फार गोड बोलायचे. "या यंत्रानं दोन लाख पानं पाहिलीयेत. दोन लाख!"

"पानं पाह्यली. मुया किती पाह्यल्या?"

साहेबांनी टॅबलेटकडं बोट केलं. डिंपलला म्हणाले, "चालू कर."

यंत्र पहिल्या पिवळ्या झाडापाशी आलं, आणि जनकाबाईनं कॅमेऱ्यापुढं तळहात धरला. यंत्र थांबलं. पीं पीं पीं करायला लागलं.

"हात काढ वो बाई!" गुलाबराव ओरडला.

तिनं काढला. यंत्र पुढच्या झाडावर गेलं, तिथंही तिचा हात आधी पोचला. पुन्हा पीं पीं. मग तिसरं झाड, मग चौथं. ती वाकून यंत्राच्या पुढं पुढं सरकत होती, जशी खत टाकताना सरकायची तशीच. फक्त या वेळी मूठ उघडी आणि रिकामी. मी धुऱ्यावरून पाहत होतो. बोललो नाही. गुलाबरावचं आणि माझं रोजचं जाणं-येणं, कशाला वाईट व्हा, असा शहाणपणा मला सुचला. माझा तो शहाणपणा मला अजून टोचतो.

शेवटी साहेबांनी डिंपलच्या हातातला टॅबलेट हिसकला आणि स्वतःचं नाव, पासवर्ड टाकून काहीतरी दाबलं. त्यानंतर यंत्र हातापुढं थांबेना. जनकाबाईच्या तळहातावरच युरियाचे दाणे पडले, हात आडवा होता तरी.

"जा तू घरी," गुलाबराव म्हणाला. "उद्यापासून येऊ नको."

तिनं हात झटकला. डिंपलकडं एकदा पाहिलं. डिंपल जमिनीकडं पाहत होती.

दोन दिवस कडक ऊन पडलं. पानांच्या कडा करपल्या, माना पडल्या आणि शुक्रवारी सकाळपर्यंत ती अर्धा एकर कपाशी जळक्या काड्यांसारखी उभी राहिली. गुलाबराव धुऱ्यावर डोकं धरून बसला. राजकुमार साहेब मात्र हुशार माणूस. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पाहुण्यांचा मंडप घालायला जागा पाहिजेच होती. त्यांनी जळकी कपाशी उपटून बरोबर तिथंच मंडप घातला. आणि गुलाबरावच्या कानात सांगितलं की यंत्र चुकत नाही, डबे भरताना त्या बाईनंच खतांची अदलाबदल केली असणार. रागातच होती ना ती?

गुलाबरावला ते पटलं. न पटून कसं चालेल? नाहीतर दुप्पट तर दुप्पट कोण म्हणालं होतं, हे आठवावं लागलं असतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, जनकाबाईनं डाव साधला. रविवारसाठी ज्या दोन घरांनी तिच्या टोळीला सांगून ठेवलं होतं, त्यांनी निरोप पाठवले की राहू द्या.

शनिवारी पाहुणे आले. चार गाड्या. मंडपात गाद्यांच्या खुर्च्या, गार पाण्याच्या बाटल्या, मोठा पडदा. जावयाला वरच्या कोरड्या अंगाला दोन ओळी चालवून दाखवलं, टाळ्या झाल्या. मग साहेबांचं भाषण. पडद्यावर एकेक चित्र, आणि लॅपटॉपवर डिंपल.

"एका लहानशा भागात थोडं नुकसान झालं," साहेब म्हणाले. "पण ती मानवी चूक होती. एका मजूर महिलेनं चुकीचं खत भरलं. म्हणूनच माणसाचा हात जितका कमी लागेल तितकं पिकाचं भलं."

मंडपातल्या सगळ्या माना मागं वळल्या. मागं कनातीला टेकून जनकाबाई उभी होती, शेजारी पुष्पाबाई. मला वाटलं, आता ही मान खाली घालून निघून जाईल. ती खुर्च्यांच्या मधून सरळ पुढं आली.

"जय भीम सायेब. कोनत्या बाईनं भरलं?"

"मावशी, नाव महत्त्वाचं नाही."

"तुमाले नसन. मले हाये. उद्या मले कोनी वावरात उभं नाई करनार. नाव घ्या."

साहेब हसले, पाहुण्यांकडं पाहून. गुलाबराव सत्काराच्या नारळाची शेंडी निरखत बसला होता.

"बरं, नका घेऊ," जनकाबाई म्हणाली. "मानसाचा भरोसा नाई तुमाले. यंत्राचा हाये ना? त्याले डोये हायेत, थे चुकत नाई, असं तुमीच म्हनता. मंग त्यालेच इचारा ना, त्या दिशी कोनं काय केलं थे."

साहेब म्हणाले, "डिंपल, पुढची स्लाइड घे."

डिंपलचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला. नोकरी लागून तिला आठ महिने झाले होते. घरी आजारी बाप, हे बायांना ठाऊक होतं. ती उठून उभी राहिली. पुण्याची भाषा कुठल्या कुठं गेली.

"थांब वो मावशी. मले दाखवू दे."

पडद्यावर चित्र आलं. पिवळं झाड, आणि त्याच्यापुढं एक तळहात. हिरव्या बांगड्या, खतानं फाटलेली बोटं, एवढा मोठा, पडदाभर. खाली तारीख, वेळ आणि शब्द: अडथळा, हात. डिंपलनं पुढचं दाबलं. दुसरं झाड, तोच हात. तिसरं. चौथं. तिनं एकही सोडलं नाही. एकेचाळीस झाडं, एकेचाळीस वेळा तोच हात नाही म्हणत होता, आणि लोक मोजत होते. बेचाळिसाव्या चित्रात तळहातावर पांढरे दाणे होते आणि खाली लिहिलेलं होतं: अडथळा दुर्लक्षित, आदेश राजकुमार, डोस दुप्पट.

"आन डब्यात खत बरोबर होतं," डिंपल म्हणाली. "त्याची बी नोंद हाये. दाखवू?"

कोणी दाखव म्हणालं नाही. मुख्य पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, खाकरले आणि चहाची चौकशी केली. मोठ्या माणसांना अशा वेळी फार तहान लागते. चहा आला, सगळ्यांनी मन लावून घेतला, आणि गाड्या ज्या रस्त्यानं आल्या त्याच रस्त्यानं गेल्या. जावयाची पाठवणी त्याच संध्याकाळी झाली. टेम्पोत चढवायला माणसं कमी पडली, तेव्हा पुष्पाबाईनं मागून हात लावला. म्हणाली, "जाऊ द्या, लेकरू हाये. त्यानं तं खरंच सांगतलं."

सकाळी गुलाबराव जनकाबाईच्या अंगणात. राहिलेल्या साडेतीन एकराला खत बाकी होतं, गोण्या दमट होऊन चालल्या होत्या.

"जनकाबाई, झालं थे झालं. उद्या या."

"येतो ना. एकच बोलनं हाये. जिथं मी नाई म्हनीन, तिथं खत पडनार नाई."

"कबूल."

"इथं नाई. मले बदनाम साऱ्या गावात केलं तुमी. हे बी साऱ्या गावापुढं बोला."

गुलाबरावला ते बोलायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी माझ्या दुकानापुढं, एस.टी.ची वाट पाहणारी वीसेक माणसं असताना, तो घाईघाईनं म्हणाला की जनकाबाईची चूक नव्हती, माझी होती, आणि यापुढं माझ्या वावरात खताचं तीच ठरवेल. मग त्यानं मला विचारलं, "ऐकू आलं ना साऱ्यायले?" मी म्हटलं, मागच्या दोघांना नाही आलं. त्यानं पुन्हा सांगितलं. धुऱ्यावर जे मी बोललो नव्हतो, त्याची एवढीच भरपाई मला जमली.

दुसऱ्या दिवशी बायांनी आधी चर खंदला, मग ओट्या बांधल्या.

कंपनीच्या अहवालात आमच्या गावचा प्रयोग यशस्वी ठरला, हे सांगायलाच नको. डिंपलला कामावरून काढलं नाही, वावरातून काढलं. आता ती पुण्यात एका खोलीत बसून दिवसभर पानांच्या फोटोंना नावं देते, यंत्राला शिकवण्यासाठी. अडलं की जनकाबाईला फोटो पाठवते. मावशी, हे पाणी लागल्यानं पिवळं का भुकेनं? जनकाबाई मोबाइल दूर धरून पाहते आणि सांगते. तिचं नाव त्या कंपनीत कुठंही लिहिलेलं नाही. तरी सांगते. म्हणते, "पोरगी इचारते तं. इचारनारं मानूस भेटते कुठं?"

आणि गुलाबरावला शाल मिळाली! सत्काराची यादी मंडपाच्या आधीच छापून झाली होती. खामगावला त्याच्यासोबत मी गेलो, माझ्या मोटारसायकलवर. इस्त्रीचा सदरा, खिशात भाषणाचा कागद. शाल घातली, नारळ दिला, फोटो निघाला. मग सूत्रसंचालन करणारी बाई म्हणाली, "गुलाबराव, दोन शब्दांत सांगा, यंत्र पिकाची भूक कशी ओळखतं?"

गुलाबरावनं कागद काढला, उघडला, पाहत राहिला. माइकमधून त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मले नाई माहीत," तो म्हणाला. "आमच्या गावात जनकाबाई म्हनून एक बाई हाये. तिले इचारा."

सभागृह हसलं. लोकांना वाटलं, गडी विनोदी आहे. टाळ्या फार जोरात पडल्या.

परत आल्यावर मी वाकडी वाट करून आधी तिच्याकडं गेलो. ती बायांसोबत तुरीत निंदायला बसली होती. मी सगळं सांगितलं, स्टेज, शाल, माइक, तिचं नाव. तिनं खुरपं न थांबवता ऐकून घेतलं.

"मंग?" ती म्हणाली. "कोनी इचारलं का, कोन जनकाबाई म्हनून?"

"नाही," मी म्हटलं. "टाळ्या वाजवल्या."

"हाव का," ती म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडं सरकली.